दहा मिनिटं... पण कशानं?

“काका, आता पुण्यात राहिलंय काय? विका आणि निघा.”

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता कोणी तोंड उघडलं की मीच ते पूर्ण करतो. ज्यांनी ज्यांनी हा सल्ला दिला ते सगळे हे वाचणार आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे. वाचावं म्हणूनच लिहितो आहे. फोनवर मला कोणी बोलू देत नाही.

आधी पार्श्वभूमी. नारायण पेठेतली आमची इमारत पाडून नवी बांधायची असं सोसायटीचं ठरलं आहे. पानशेतच्या पुरात, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, आमचा वाडा बसला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्याच जागेवर पुढे तीन मजली इमारत झाली आणि वडिलांना तिच्यात दोन खोल्या मिळाल्या. त्या खोल्यांत माझं लग्न झालं, मुलं झाली, वडील गेले, आई गेली. आता इमारतीला तडे गेलेत, लिफ्ट नाही, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा पाडायला माझा विरोध नाही. पण नवीन घर मिळेपर्यंत तीन वर्षं दुसरीकडे राहायचं. बिल्डर म्हणतो तीन, पेठेतले अनुभवी लोक म्हणतात पाच. मी ७६ वर्षांचा, सौ. ७२ ची. पुढचा हिशेब मी कागदावर मांडलेला नाही.

तर मग तात्पुरतं कशाला, कायमचंच का जाऊ नये? असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पुतण्या म्हणाला वाई. माझा एक जुना सहकारी म्हणाला रत्नागिरी. मुलगी परदेशातून म्हणाली, “बाबा, सांगलीला मामाजवळ जा ना, आईलाही बरं वाटेल.” प्रत्येकाचं शेवटचं वाक्य मात्र एकच, “तिथं किती शांत आहे!”

शांतता म्हणजे म्हाताऱ्यांचं टॉनिक आहे हा शोध कोणी लावला, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. दिवाळी झाल्यावर ओळखीच्या एकाची गाडी ड्रायव्हरसकट ठरवली आणि आम्ही दोघं आठ दिवसांसाठी निघालो. मी स्वतः गाडी चालवणं दोन वर्षांपूर्वी सोडलं. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि तोही डॉक्टरच्या दाखल्यावर. डॉक्टर देईल हो, पण माझे डोळे देईनात.

निघण्यापूर्वी सौ.नं शाळेच्या वहीत एक तक्ता आखला. दूध, भाजी, औषधं, डॉक्टर, बँक, वाचनालय, देऊळ आणि सावलीतलं बाकडं. आठ रकाने. नियम असा की जे घर कोणी दाखवील त्या घराच्या दारातून निघायचं, हातात काठी घ्यायची, आणि यातलं प्रत्येक ठिकाण किती मिनिटांत गाठता येतं ते घड्याळ लावून बघायचं. गाडीत बसायचं नाही. काठी नवीन आहे. दोन वर्षांपूर्वी फुटपाथवरून चालताना मागून फुटपाथवरच आलेल्या स्कूटरनं तिला धक्का दिला, गुडघा गेला. तेव्हापासून तिचं एक मिनिट म्हणजे माझी दोन.

पहिला मुक्काम वाई. खंबाटकी उतरलं, सुरूरला वळलं की गार वाटायला लागतं हे खरं. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, मागे पांडवगड. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला वाईचं आणखी एक अप्रूप. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथूनच उभं केलं. घाटावर बसलो तेव्हा मी मनानं निम्मा वाईकर झालो होतो, हे कबूल करतो.

पण पुतण्यानं ठरवून दिलेलं घर घाटावर नव्हतं. ते गावाबाहेर, शेतं संपतात तिथल्या एका बंगल्यांच्या योजनेत होतं. तिथला तरुण मुलगा अतिशय अदबीनं बोलला. “आजोबा, इथून सगळं दहा मिनिटांवर आहे.” सौ.नं विचारलं, “कशानं?” त्याला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे... गाडीनं, आजी.” मग आम्ही चालून बघितलं. पंचवीस मिनिटांनी पहिलं दुकान आलं, त्यात दूध होतं, औषध नव्हतं. रस्त्याला कडा नव्हती, म्हणजे डांबर संपलं की थेट गवत. मागून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही दोघं गवतात उभे राहिलो. छातीत दुखलं तर काय करायचं असं मी विचारलं. तो म्हणाला, “साताऱ्याला नेतात. मोठं काही असलं तर पुण्यालाच.”

म्हणजे शेवटी पुण्यालाच यायचं, फक्त आडवं होऊन.

साताऱ्याबद्दल फार लिहीत नाही. शाहू महाराजांनी वसवलेलं गाव, इथेही आमच्यासारख्याच वारांच्या पेठा, माणसं गोड. पण अजिंक्यताऱ्याच्या कुशीतलं गाव म्हणजे चढ आणि उतार. सौ. उतारावरून भाजी आणायला खाली गेली असती आणि वर आलीच नसती. सपाटीवरची घरं पुन्हा महामार्गाच्या बाजूला, आणि तिथेही तेच, “सगळं दहा मिनिटांवर!”

तिसऱ्या दिवशी सांगली. हे सौ.चं माहेर, म्हणून इथं जरा थांबतो.

माझे मेहुणे गावभागात जन्मले, तिथेच सत्तरीपर्यंत राहिले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, आणि २००५ मध्ये शिरलं होतं त्याहून वर चढलं. तीन दिवस ते वरच्या मजल्यावर होते, मग होडीनं बाहेर काढलं. २०२१ ला पुन्हा पूर. मग मुलांनी ऐकलं नाही. विश्रामबागेच्याही पलीकडे नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, गॅलरीतून वारा येतो. मेहुण्यांनी सगळं दाखवलं आणि मग चहा घेताना म्हणाले, “दाजी, मी महिन्याभरात एकदाही कुणाशी भांडलो नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. गावभागात रोज सकाळी पेपरवरून भांडण, दूधवाल्याशी भांडण, शेजाऱ्याशी राजकारणावरून भांडण. इथं लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात. मध्ये चार दिवस ताप येऊन ते झोपून होते, तर पाचव्या दिवशी वॉचमननं विचारलं, “आजोबा, गावाला गेला होता का?” गावभागात नऊ वाजेपर्यंत खिडकी उघडली नसती तर समोरच्यांनी दार वाजवलं असतं.

सौ.नं तिथंही वही काढली. मेहुणे म्हणाले, “ताई, नको लिहूस. आठाच्या आठ रकान्यांत रिक्षा असंच येईल.”

इथं मला माझ्याच विरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेहुणे हौसेनं गेले नाहीत. पाण्यानं घालवलं. आमच्याकडे पानशेतनंतर हेच झालं. पेठांतली कितीतरी कुटुंबं सहकारनगरला, गोखलेनगरला गेली. आमच्या वडिलांनी चिखल उपसला आणि ते तिथेच राहिले. मी लहानपणापासून याचा अभिमान बाळगत आलो. पण जे गेले ते भित्रे नव्हते, आणि त्यांनी तिथं नवीन शेजार उभा केलाच की. फरक इतकाच की ते तीस-चाळीस वर्षांचे होते, गल्लीतली चार घरं बरोबर गेली, आणि नवी वस्तीही पायी चालणाऱ्यांसाठीच बांधली होती, कारण मोटार कुणाकडेच नव्हती! सत्तराव्या वर्षी एकट्यानं जाऊन, मोटारवाल्यांच्या वस्तीत, नवीन शेजार उभा राहत नाही.

मिरजेत अर्धा दिवस काढला. गाव म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. सौ.चा चौथा रकाना इथं सगळ्यांत कमी मिनिटांत भरला. बाकीचे भरता भरता तिचा पाय भरून आला.

मग कोल्हापूर. खरं सांगतो, कोल्हापुरात मी हरता हरता राहिलो. शिवाजी पेठेत एका ओळखीच्यांच्या घरी उतरलो होतो. दारातून बाहेर पडलं की दूध तीन मिनिटं, भाजी चार, औषधं पाच, आणि सौ.च्या चालीनं बरं का! अंबाबाईच्या देवळापर्यंत ती वाटेत दोनदा बसून स्वतःच्या पायांनी गेली. बसायला दुकानदारांनीच स्टूल दिलं, न मागता. १८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर तिथं आहे. तांबडा-पांढरा आमच्या उपयोगाचा नाही, पण माणसांची बोली ऐकूनच पोट भरतं.

मग अडलं कुठं? आम्हाला दाखवलेली जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी, लिफ्ट नाही. खाली फुटपाथवर दुचाक्या. एक आजोबा भिंतीला हात लावत चालले होते, अगदी मी नारायण पेठेत चालतो तसेच. सौ. म्हणाली, “अहो, हे तर आपलंच घर आहे. मग एवढ्या लांब कशाला यायचं?” लिफ्ट हवी असेल तर गावाबाहेर चला, असं दलाल म्हणाला. “तिथून सगळं...” आम्ही दोघांनी एकदमच त्याचं वाक्य पूर्ण केलं.

आंबा घाट उतरून रत्नागिरीला दोन रात्री. १८२८ चं नगर वाचनालय बघून मी दोन तास तिथंच बसलो. सुचवलेलं घर मात्र कुवारबावच्या बाजूला. समुद्र नाही, वाचनालय नाही, रिक्षा मात्र आहे. परतताना चिपळूणला जेवलो. २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल हॉटेलवाला न विचारता अर्धा तास बोलला. कुंभार्ली चढून कऱ्हाडमार्गे घरी आलो.

आता माझं म्हणणं. पुतण्या, नीट वाच.

तुम्ही लोक गाव निवडता ते गाडीच्या काचेतून. हवा, डोंगर, चौरस फुटाचा भाव, पार्किंग. चाळिशीच्या माणसाला ते ठीक आहे. पण म्हातारपण म्हणजे हळूहळू गाडी जाणं, मग स्कूटर जाणं, मग रिक्षात चढणं अवघड होणं. शेवटी उरतात ते दोन पाय आणि एक काठी. तुम्ही आम्हाला नेमकं तिथं पाठवायला निघालात जिथं पायांनी काही मिळत नाही, आणि त्याला म्हणता निवांतपणा! ज्याला दूध आणायला दुसऱ्याची गाडी लागते तो निवांत नसतो, तो ओशाळलेला असतो.

पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो नावाच्या प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ अशी कल्पना मांडली. रोजच्या गरजेचं सगळं घरापासून पायी किंवा सायकलनं पंधरा मिनिटांत असावं. २०२० मध्ये तिथल्या महापौरांनी ती उचलून धरली आणि जगभर तिचं कौतुक झालं. अहो, नारायण पेठ आणखी काय आहे? पत्र्या मारुती, मोदी गणपती, केसरीवाडा, पुणे मराठी ग्रंथालय, लक्ष्मी रस्ता, जरा पुढे गेलं की अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं. सौ.च्या वहीत परत आल्यावर आम्ही आमच्या घराचेही रकाने भरले. आठपैकी सात ठिकाणं तिच्या चालीनं बारा मिनिटांच्या आत. आठवं म्हणजे बाकडं. ते नाही.

आता तुमची बाजू. पेठेत धूर आहे. गोंगाट आहे. गणपतीच्या शेवटच्या रात्री आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि सौ.ची छातीही. दोन वर्षं आम्ही विसर्जनाला नणंदेकडे पळ काढतो. ज्या शहरानं सार्वजनिक गणेशोत्सव वाढवला त्या शहरातली म्हातारी माणसं उत्सवाला घाबरून गाव सोडतात, याची मला लाज वाटते. हे सगळं खरं आहे. आणि इथली घरं महाग आहेत हेही खरं.

पण म्हणून “निघा” हे उत्तर नाही. कारण निघून गेलं की ज्यांनी रस्ता नीट करायचा ते सुटतात. म्हातारे गेले, लंगडणारे गेले, बाबागाडी ढकलणाऱ्या आया गेल्या, की फुटपाथ मागायला उरतो कोण? मग तो दुचाक्यांचाच होतो. तुम्ही आम्हाला काळजीनं सल्ला देता हे मला कळतं रे, पण त्या सल्ल्याचा फायदा आम्हाला होत नाही, फुटपाथवर गाडी लावणाऱ्याला होतो.

(तो गाडी लावणारा म्हणजे मीही होतो. वीस वर्षं शाळेला उशीर होतो म्हणून माझी स्कूटर फुटपाथवर उभी असे, आणि मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवत असे. सौ.नं हे मला गुडघ्याला प्लास्टर असताना ऐकवलं. उत्तर नव्हतं.)

फुटपाथ कसा असावा याचं गूढ नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१२ मध्ये लिहून ठेवलं आहे. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे सहा फूट आणि सहा इंच, लक्षात ठेवायला सोपं. सौ. ब्लाउजची टेप बरोबर घेऊन आली होती. आठ दिवसांत जिथं जिथं फुटपाथ भेटला तिथं तिनं मापलं. सहा फूट सलग मोकळे असे आम्हाला एकाही गावात शंभर पावलं मिळाले नाहीत. कडा कुठं नऊ इंच, कुठं फूटभर. म्हणजे महाराष्ट्रात पळून जायला जागाच नाही. जुन्या गावात लिफ्ट नाही, नव्या गावात पायवाट नाही. जुनं टिकवून त्यात लिफ्ट आणि फुटपाथ आणणं हे सोपं, की प्रत्येक म्हाताऱ्यासाठी नवीन गाव वसवणं?

आणि पुण्यानं हे करून दाखवलेलं आहे हो! ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. गरुड गणपती चौकापासून रस्ता गाड्यांना बंद. आम्ही दोघं तेव्हा भर रस्त्याच्या मधोमध चाललो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सौ. लक्ष्मी रस्त्यावर वर बघून चालली आणि म्हणाली, “अहो, या दुकानांवर इतक्या सुंदर गॅलऱ्या आहेत?” एक दिवस! उरलेले ३६४ दिवस आम्ही खाली बघून चालतो. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. तक्रार घेऊन जावं तर कोणाकडे, हा प्रश्न तेव्हा खरा होता. पण आपण तरी किती वेळा गेलो होतो?

म्हणून नातेवाइकांना माझी विनंती. फ्लॅटचे फोटो पाठवणं बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एक सकाळ द्या. पत्र्या मारुतीपासून गरुड गणपतीपर्यंत आमच्याबरोबर काठीच्या चालीनं चाला, कुठं काय आडवं येतं ते लिहून घ्या, फोटो काढा, आणि तो कागद घेऊन क्षेत्रीय कार्यालयात माझ्याबरोबर बसा. एकट्या म्हाताऱ्याला तिथं “आजोबा, बघतो” म्हणतात. बरोबर चार कमावती माणसं असली की खुर्ची देतात.

राहता राहिलं घर. आम्ही पेठेतच, मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. अंधाऱ्या आहेत. बिल्डर देतो त्याहून भाडं जास्त आहे, फरक पेन्शनमधून जाईल. नवीन इमारत आम्हाला बघायला मिळेल की नाही, ते माहीत नाही. मुलगी फोनवर रडली. तिला वाटतं आम्ही हट्ट करतोय. तिच्या आईनं तिला एवढंच सांगितलं, “अगं, नऊ वाजेपर्यंत खिडकी उघडली नाही तर इथं कोणीतरी दार वाजवेल.”

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं पत्र्या मारुतीपाशी असू. टेप बरोबर आहे. कोण कोण येतंय ते कळवा. चहा माझ्याकडे.